गुरुवारी हवा

मंगळवारी सकाळी मर्डो गेडिस
किल्ट नेसून दूध आणायला निघतो,
आणि आर्ब्रोथची हाय स्ट्रीट त्याला विचारते,
लग्न कुणाचं?

कुणाचंच नाही.
लग्नात नेसला असता तर कुणी मान वळवली नसती.
रग्बीच्या मॅचला अर्धं गाव नेसतं,
त्याच्यावर बिअर सांडून घेतं,
आणि सोमवारी माझ्या लॉन्ड्रीत आणून टाकतं.
पण मंगळवार, दूध, अर्धा डझन अंडी
आणि उघडे गुडघे,
एवढं एकत्र आलं की गावाला काही सुचत नाही.
मग गाव हसतं.

बेकरीतली एल्स्पेथ म्हणते,
"आपलंच आहे हो, पण म्हणून काय रोज?"
तिच्याकडे काचेच्या कपाटात बारा कप आहेत,
आजीच्या वेळचे.
त्यातून कुणीही कधी चहा प्यायलेलं नाही.

बँकेतला पोरगा पासबुकापेक्षा खाली बघत नाही,
इतका प्रयत्न करतो की कान लाल होतात.
एका परक्या जोडप्यानं त्याच्याबरोबर फोटो काढला
आणि हातावर दोन पौंडांचं नाणं ठेवलं.
मर्डोनं ते घेतलं.
"अंडी महाग झालीत," मला म्हणाला.

कारण विचारणाऱ्याला तो कारण देतो,
प्रत्येकाला वेगळं.
पाद्रीबुवांना: वडिलांचा नवस.
डॉक्टरीणबाईंना: शिडीवरून पडलो तेव्हा
प्लास्टरवर पँट चढेना, मग राहूनच गेली.
शेजारच्या छोट्या रूअरीला: पँट समुद्रानं नेली, रे,
तुला सापडली तर सांग.
रूअरी अजून शोधतोय, ओहोटीला.

आणि तो एक प्रश्न,
जो पबमध्ये प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच सुचला:
आत काय?
त्यावर मर्डो ग्लास पुसल्यासारखा हसतो.

मागच्या शनिवारी कुणा नवरीच्या मैत्रिणींचा घोळका आला,
डोक्यावर प्लास्टिकचे मुकुट.
त्यांनी विचारलं नाही.
एकीनं मागून सरळ वर केला.
सगळा पब हसला म्हणे.
मर्डोही हसला, म्हणे.

रविवारी माझं दुकान बंद असतं.
त्यानं मागचं दार वाजवलं.
"निरी उसवली आहे," म्हणाला,
आणि कमरेला मुलाची जुनी ट्रॅक-पँट,
घोट्याच्या वर चार बोटं.
त्या पँटमध्ये तो पहिल्यांदाच मला उघडा वाटला.

मी सतरा वर्षांची होते,
डान्स हॉलच्या जिन्यावर,
हिरवा स्कर्ट, बहिणीचा, मागून घेतलेला.
तेव्हाही सगळे हसले होते.
मीही.
हे मी त्याला सांगितलं नाही.
सुई ओवून दे म्हटलं, मला आता नाकं दिसत नाहीत.
त्यानं ओवून दिली.

तेव्हा आत काय ते मला विचारा.
उलटा करून मांडीवर घेतलाय मी तो.
आत अस्तर आहे, घामानं पिवळं,
कसर लागून पडलेलं एक भोक, रफू केलेलं,
बकलासाठी नंतर पाडलेली दोन छिद्रं, पोटाच्या हिशेबानं.
सत्तावीस निऱ्या.
एकेक टाचणीनं धरायची, ओलं फडकं टाकायचं,
इस्त्री दाबायची, सरकवायची नाही.
वाफेबरोबर मेंढीचा वास येतो, ओला,
आणि बंदरावरच्या धुरी दिलेल्या मासळीचा.

ती धुरी देणारा बोगुस्लाव पोलंडचा.
एवढ्या वर्षांत कामाचं त्यानंच काय ते विचारलं:
थंडी वाजत नाही?
"वाजते की," मर्डो म्हणाला,
आणि दोघं बराच वेळ समुद्राकडे बघत उभे राहिले,
एक रबरी बुटांत, एक लोकरी मोज्यांत.

पैसे मी घेतले नाहीत.
दारातून वळून तो म्हणाला,
"गुरुवारी हवा."
गुरुवारी काय आहे,
असं अगदी ओठांवर आलं होतं.