काय खाल्लं होतं

मोमीनपुऱ्यात, उजाडायच्या आत,
मुनव्वरभाई अंगठ्यानं चरबी दाबतात.
"हा हल्या सरकी-मक्यावरचा. पाहा, मेणावानी.
अन् हा कन्हानकाठचा, चरून आलेला."

मी दोन्ही तुकडे प्रयोगशाळेत आणते.
चार अंशांवर ठेवते,
रोज रंग मोजते.
तिसऱ्या सकाळी मका तपकिरी पडू लागतो.
कन्हान पाचव्या दिवशीही लाल.

जनावर गेल्यावरही
हिरवा चारा त्याला धरून राहतो,
असं अहवालात लिहीत नाहीत.
मी आकडे लिहिते.

मग सांगायला जाते. बाहेर सेहेचाळीस अंश,
दुकानात फ्रीज नाही,
एक ओलं फडकं,
तेही वाळत आलेलं.

"पाचवा दिवस?" सुरी पुसत ते हसतात.
"म्याडम, इथं पाचवा तास
कोणी पाह्यला?"