हजेरी नंबर चार

बालवाडीपासून आम्ही एका बाकावर.
मग घटक चाचणीला बाईंनी हजेरीप्रमाणे बसवलं.
मी ऊर्जिता, नंबर चार, दाराशी.
शर्वाणी एकोणचाळीस, खिडकीशी,
आणि चाळीस शाल्मली.

चाचणी तीन दिवसांत संपली.
त्या दोघी तिथेच राहिल्या.

शाल्मलीचा श वेगळाच,
शेपटी पार खालच्या ओळीत उतरलेली.
दिवाळीपर्यंत अर्धी सातवी ब तसाच श काढायला लागली.
मला काय त्याचं.
पण भूगोलाच्या वहीवर, जुन्या लेबलवर नवं चिकटवून,
शर्वाणीने स्वतःचं नाव तसं लिहिलं,
त्या दिवशी मी मधल्या सुट्टीत
साबुदाण्याची खिचडी एकटीने संपवली,
तिच्या वाटणीचे दाणेसुद्धा.

गॅदरिंगला विंगेत थंडी, पावडरचा वास.
शाल्मलीची नऊवारी कमरेशी सुटली.
"पिन आहे का गं कुणाकडे? प्लीज, कुणाकडे तरी?"

माझ्याकडे होती.
आईने बांगडीला अडकवून दिलेली, लागते म्हणून.
मी ती काढून मुठीत धरली
आणि भिंतीवरचं 'शांतता राखा' वाचत राहिले.
त्यातला श साधाच होता.

शर्वाणीने आपल्या परकराची पिन काढून दिली.
शाल्मलीला वन्स मोअर मिळाला.
शर्वाणीला टाळ्या वाजवता येईनात,
एक हात परकराला.
ती पाय आपटत राहिली.

रात्री नळस्टॉपला मेट्रोच्या खांबाखाली
बाबांची वाट बघत आम्ही दोघीच.
शाल्मली गाडीतून हात हलवून गेली, पिनेसकट.

"तुझ्या बांगडीला होती ना," शर्वाणी म्हणाली.
विचारलं नाही. म्हणाली.
मी मूठ उघडली. तिने पिन घेतली,
परकराला लावली, नीट बसली का ते चाचपलं.
मग म्हणाली,
"नाचायच्या आधी तिला दोनदा उलटी झाली. माहितीये?"

नव्हतं माहीत.
आणि कळायलाही नको होतं इतक्यात,
माझा राग अजून परीक्षेपर्यंत सहज पुरला असता.

बाबांची स्कूटर आली.
एरवी मध्ये कोण, यावरून आमची जुंपते.
आज ती गुपचूप मध्ये बसली.
तिचा अबोलीचा गजरा माझ्या नाकातोंडात.
म्हात्रे पुलावर मी तिच्या पाठीवर
बोटाने एक अक्षर काढलं.

कोणता श, ते तिला कळलं नसणार.
स्वेटर जाड होता.