रकाना सात

चिनोरच्या रस्त्याला मोहरी कापून झालेली.
बांधावर काड्यांचे ढीग, हलके, उन्हात कडकडणारे,
आणि बाभळीच्या फांदीला टांगलेला माझा तानकाटा.
पाच बाय पाचचा चौकोन, त्यातली काडी, तिचं वजन:
सहा किलो दोनशे. पुन्हा. पाच नऊशे.
पूरन आकडे मोठ्याने म्हणतो, मी लिहिते.
वारा आला की दोघं थांबतो,
वारा वजनात धरत नाहीत.

रकाना दोन: दाणा. तीन: काडी,
दाण्याच्या साधारण पावणेदोन पट.
चार: ओल. ती इथे कळत नाही.
मूठभर काडी पिशवीत बांधून लष्करला न्यायची,
एकशेपाच अंशांवर रात्रभर ठेवायची,
सकाळी जे कमी भरेल ते पाणी.
किती सोपं. जे गेलं त्याला नाव आहे.

रकाना सात: शिल्लक.
म्हणजे गुरांनी खाऊन, चुलीत जाऊन, छपरावर पडून
जे उरतं ते. देशाच्या उपयोगी पडेल असं.
बैजंतीला विचारलं. ती बिटौरा लिंपत होती.
आमच्या मराठीत हुडवी, गोवऱ्यांची; पण ही
माणसाहून उंच, वरून शेणाचा गिलावा,
गिलाव्यावर बोटांनी ओढलेली वेल आणि दोन मोर.
"उरतं का काही?"
ती म्हणाली, "कोणापासून?"

पूरन हसला.
प्रश्नावलीत पर्याय चार आहेत:
काहीच नाही, पाव, अर्धं, त्याहून जास्त.
वीटभट्टीचा ट्रॅक्टर भरून नेतो ती शिल्लक?
पलीकडच्या शेतात परवा पेटवून दिली ती?
म्हशीने तोंड लावून सोडली ती?
मी "पाव" लिहिलं. पेन्सिलीने.

मग टेप घेऊन बिटौऱ्याभोवती फिरले.
खाली दंडगोल, वर शंकू, नववीतलं सूत्र.
मोरांची जाडी धरली नाही.
"मागच्या साली पाणी शिरलं," ती म्हणाली,
"आतलं अर्धं बुरशीनं गेलं. तेही मोज."

लष्करला संध्याकाळी
बैजंतीचा बिटौरा गावाची सरासरी झाला,
गाव तालुक्याची, तालुका जिल्ह्याचा,
आणि पुढे शून्यं,
इतकी की मधे चहा प्यायला उठले.
फाळके सर फोनवर म्हणाले,
"आकडा एकच द्या. अधिक-उणे गाळा,
वरती वाचत नाहीत."
गाळलं.

निघताना तिने नमुना म्हणून एक गोवरी दिली होती,
पदराने पुसून, जणू ती मळकी होती.
वर बजावलं,
"जाळून झालं की राख परत दे. भांड्यांना लागते."

जळली. उष्मांक लिहिला.
राख बावीस टक्के.
ती कागदात बांधून ठेवलीय, पुडीवर नाव घातलंय.
सोमवारी पूरन चिनोरला जाणार आहे.