दिव्याचं मीठ

समुद्र इथून दोन मुक्काम लांब.
तरी पाटणच्या पश्चिमेला, जमीन जिथे
भाकरी मोडावी तशी तुटते,
त्या कड्यावर आमचा दिवा होता.
पुरुषभर उंचीचा जांभ्याचा ओटा,
वर कोनाडा, तोंड कोकणाकडे.

खालून बैलांचे तांडे यायचे, पाठीवर गोण्या,
धुक्यात वाट हरवली की
बमू झोऱ्याच्या दिव्याकडे बघत चढायचे.
पगार नव्हता.
तांड्यामागे ओंजळभर मीठ, एवढीच बोली.
मिठाला जागणं ही इतरांची म्हण असेल,
आमच्या घरात ते काम होतं:
दिवस कलला की करंजाचं तेल ओतायचं,
आणि जागायचं.

मग मोटाररस्ता झाला, दुसऱ्याच खिंडीतून.
तांडे आटले. मीठ आटलं.
बमू लावतच राहिला.
कुणासाठी, विचारलं की म्हणायचा,
"मागचं फिटलं न्हाई अजून."

मग धरण.
आंबेघोल बुडालं, त्याची पाणंद, चिंचेखालचा पार.
जन्मभर समुद्राच्या दिशेनं पाहणाऱ्या दिव्याच्या
पाठीमागून पाणी आलं.

बमूची सून ठकी. तिनं पहार घेतली,
कोनाड्याला पूर्वेचं तोंड फोडलं, पश्चिमेचं लिंपलं.
एक दिवस लागला. कुणाला विचारलं नाही.
खाली आता लाँच चालायची,
सुकाणूवर दाभोळचा हसन तांडेल.
पहिल्या रात्री वर बघून तो म्हणाला, "हे तर बत्तीघर!"
तोवर हा शब्द घाट चढलाच नव्हता.
पुढच्या खेपेला त्यानं पिशवीभर मीठ पाठवलं.
त्याला कुणी सांगितलं, कळलं नाही.

सदुसष्टच्या भूकंपात, भल्या पहाटे,
कंदिलाची काच फुटली.
ठकीनं वात तळहातांच्या आड धरली, उजाडेपर्यंत.
ते हात मी पाहिलेत.
त्याबद्दल ती बोलायची नाही,
भाकरी थापताना फक्त उजवा अंगठा
बाजूला ठेवायची.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही.
सौरदिवा आला, बॅटरी चोरीला गेली,
लाँच दिवसाचीच फिरू लागली.
समोरच्या पठारावर आता पवनचक्क्यांचे तांबडे ठिपके
उघडझाप करतात, विमानांसाठी म्हणे.
त्यांच्याच दुरुस्तीवर मी आहे. रात्रपाळी. पगार बँकेत.

गेल्या फाल्गुनात कड्यावर गेलो.
ओटा निम्मा ढासळलेला.
मीठ ठेवायचा दगड तेवढा शाबूत,
मधोमध खोलगट, गुळगुळीत, ओला.
भोवती गव्यांचे खूर, ताजे.
रात्री येतात, वनरक्षक म्हणाला,
चाटत उभे राहतात,
काय मिळतं कुणास ठाऊक.

तो पुढे गेल्यावर मी वाकलो,
दगडावर बोट फिरवलं, जिभेला लावलं.

आठची ड्यूटी होती.
अंधार पडला तरी तिथेच बसून राहिलो.