शेऱ्याचा रकाना

प्रपत्रात रकाने आठ:
प्राणी, संख्या, अंतर, दिशा, असे.
दसरूला ताप होता म्हणून त्या पहाटे
मी एकटीच रेषेवर निघाले,
हातातल्या यंत्राच्या बाणामागे.

दहापर्यंत सगळं लिहून झालं.
रोही दोन. त्यांच्या लेंड्यांचा ढीग
मागच्या वर्षी होता तिथेच,
टपालाच्या पत्त्यासारखा.
अस्वलानं फोडलेलं वारूळ.
घाणेरीखालून रानडुकरांची वाट,
इतकी ठेंगणी की तिच्यात
फक्त वास ताठ उभा राहू शकतो.
आणि वाघ गेलेला चक्क गाडीरस्त्यानं,
मधोमध, फुफाट्यातलं मऊ धरून.
खडी त्यालाही टोचते.

मग यंत्र विझलं.

ऐन, धावडा, तेंदू, ऐन.
ज्या पांढऱ्या सालईशी मी वळले होते
तशा सालई आता पाच.
दुपारी एकच्या सुमाराला बुटाचा ठसा दिसला.
कोणीतरी आहे, म्हणून जीव भांड्यात पडला.
माझाच होता.
तासाभरानं पुन्हा माझाच.
तिसऱ्या खेपेला टाचेवर
चार बोटं आणि एक तळवा,
ज्याच्या कडा अजून ढासळायच्या होत्या.

मी शिट्टी काढली. वाजवली नाही.

किती वेळ गेला, लिहिलेलं नाही.
नंतर घाटी. लाकडाची,
बसक्या आवाजाची,
घसा खाकरत कोणी यावं तशी.
पळसांआडून आधी एक मुंडी गाय निघाली,
मग तिची शेपटी धरलेला उरकुडा नेवारे,
मागे अख्ख्या गावाची ढोरं.

"भुलनवेल वलांडली असन तुनं,"
माझ्या शेजारच्या झाडाकडे पाहत तो म्हणाला.
"बूट काढ. झटक. मंग घाल."
मी बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र.
बूट काढले. झटकले. घातले.

वाटेत तो बोलत होता, बहुधा गाईशी:
मोहाखाली पाय थंड झाले का बोडी डाव्या हाताले.
माती करकरली का टेकडी सरली.
इथं कुडा फुलते, नाक उघडं ठेवाचं.
"आणि रात्री?" मी विचारलं.
"रात अन् दिस, काय आता."

बोडीच्या पाळीवर मी बाटली पुढे केली.
त्याचा हात बाटलीशेजारून गेला.
परत आला. पुन्हा शेजारून.

"दोन वर्सं झाले," तो म्हणाला.
"गावात सांगू नको, मॅडम,
ढोरं काढून घेतीन."
मग गाईच्या पाठीवर थाप मारून,
"हिले मालूम आहे.
हिनं आजून कोणाले नाई सांगतलं."

राखीव जंगलात चराई म्हणजे गुन्हा.
ढोरं मोजायची, नाव लिहायचं, पावती फाडायची.
मी मोजली. एकसष्ट.
आखरावर तोही मोजत होता,
पुढून जाणाऱ्या एकेका पाठीवर तळवा टेकत.
त्याचीही एकसष्ट.
शेवटची कालवड चुकवून पळाली,
तिला त्यानं नावानं शिवी दिली.

रात्री क्वार्टरवर प्रपत्र भरलं.
शेरा: यंत्र बंद पडले. नोंदी सकाळी दहापर्यंतच्या.
खाली तीन ओळींची जागा उरली होती.
पेन बराच वेळ तिच्यावर धरून ठेवला,
मग टोपण लावलं.

दिवा बंद केला. अनवाणी,
डोळे मिटून, हापशीकडे निघाले.
सहाव्या पावलाला चुलीची राख.
अकराव्याला ओल लागायला हवी होती,
लागली नाही.
उभी राहिले.
शेजारी मडाव्यांच्या गोठ्यात
कुठल्याशा जनावरानं अंग झाडलं.
म्हणजे गोठा डावीकडे.
म्हणजे हापशी—
मी पाऊल टाकलं
आणि भरलेली बादली सांडली.