हातचा एक

सेलममध्ये नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारतं.
तिसऱ्या मजल्यावर हीटर खोकतो
आणि माझ्या पडद्यावर यादी उघडी असते :
ज्यांना सरकारी वकील मिळायचाय, त्यांची.

आई फोनवर म्हणते, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.
मी चढत नाही गं, मी पायऱ्या मोजते.
कुठल्या काउंटीत किती माणसं, किती वकील,
एकेका वकिलाच्या डोक्यावर किती खटले,
आणि कोठडीतला आज कितवा दिवस.

एक माणूस म्हणजे एक ओळ.
ओळीला सतरा रकाने.
आरोपाचा आहे, भाषेचा आहे, जामिनाचा आहे.
त्याच्या मांजराला सध्या कोण खायला घालतं
हा नाही.

महिनाअखेरीला यादी साफ करायची असते,
तांदळातले खडे निवडावेत तशी.
दुबार नावं काढून टाकायची.

टॉलिव्हर, ड्वेन आर.
टोलिव्हर, ड्वेन.
तुरुंग एकच, रात्र एकच, चोरीची गाडीही एकच.
दुसऱ्याच्या जन्मतारखेचा रकाना रिकामा.
मी उजवं बटण दाबलं.
खालची सगळी नावं एकेक घर वर सरकली,
बेरीज एकानं उतरली.
सोमवारच्या बैठकीत लोर्ना हॉगन म्हणाली,
आकडा खाली येतोय, छान.
मी डोनट घेतला. दालचिनीचा.

तेरा दिवसांनी क्लॅमथ फॉल्सहून फोन.
इग्नासियो, वकील, बहुधा उभ्या गाडीत जेवत असावा :
‘तुमच्या यादीत हा ड्वेन कुठला?
काका की पुतण्या?’

काका एकोणसाठचा.
पुतण्याला त्याचंच नाव ठेवलेलं, लाडानं.
काकाला वकील मिळून आठवडा झाला होता.
पुतण्या रोज पहारेकऱ्याला विचारायचा, माझा नंबर कधी?
आणि पहारेकरी खरं तेच सांगायचा :
यादीत तुझं नाव दिसत नाही.

माझं नाव ज्ञानदा.
इथल्या दप्तरांत मी तीन जणी आहे :
पगाराच्या चिठ्ठीवर डीपासून सुरू होणारी,
ग्रंथालयात जीपासून,
आणि विम्यावर, कुणाच्या कृपेनं कोण जाणे, जेपासून.
दाताच्या डॉक्टरकडे दर वेळी भांडते,
अहो, त्या तिघी मीच.
एका बाईच्या तीन होतात हे मला पाठ होतं.
दोघांचा एक होतो
हे तपासायला एक फोन पुरला असता.
मी केला नाही. पावणेपाच वाजले होते.

चौथीत चितळकर बाई फळ्यावर बेरीज घालायच्या.
सात आणि आठ पंधरा, पाच लिहा,
हातचा एक.
आम्ही एक बोट मिटून धरायचो,
पुढच्या घरात मिळवेपर्यंत उघडायचं नाही.
कुणी विसरलं की बाई रागवायच्या नाहीत,
नुसतं विचारायच्या :
हातचा कुठे गेला?

ओळ परत घातली.
दिवसांचा रकाना आपोआप भरला : बावीस.
शेऱ्याच्या चौकटीत चाळीसच अक्षरं मावतात.
आधी लिहिलं, मी दुबार समजून काढली.
मग ‘मी’ खोडलं.
मग ‘समजून’.
मग सगळंच पुसून लिहिलं, नोंद पूर्ववत,
जशी ती स्वतःच कुठे फिरायला गेली होती
आणि परतली.

लोर्नानं पुढच्या बैठकीत विचारलं, एक वाढला कसा?
मी म्हटलं, राहून गेला होता.
ती मान हलवून पुढच्या तक्त्याकडे वळली.

पुतण्याला अजून वकील नाही.
काल संध्याकाळी त्याच्यापुढे सोळा जण होते.
सोळाही नावं मी मोठ्यानं वाचली,
हीटरशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

नंतर पार्किंगमध्ये गाडीत नुसतीच बसले.
काचेवर बारीक पाऊस, किल्ली मांडीवर.
हातमोजा चढवताना कळलं,
एक बोट आत जात नाहीये,
केव्हाचं मिटून धरलंय.