विंचवाचं बी

ती पोरगी आली तेव्हा मी पट्ट्याची वेणी घालत होते.
अर्धं डोकं भादरलेलं, उरलेलं जांभळं,
नाव मृण्मयी इंगवले, राहणार ताराबाई पार्क.
काखेत काळं जाकीट.
म्हणाली, मावशी, यावर खिळे मारून द्याल?
टोकदार. खांद्यांवर तीन-तीन ओळी.

मी म्हटलं, बाई, आम्ही पायताणं करतो.
म्हणाली, म्हणूनच आले.

मग मोबाईलवर फोटो.
सत्त्याहत्तर सालातल्या लंडनच्या पोरी,
फाटक्या बनियनला, कानाला, एकीच्या तर गालाला
सेफ्टी पिना.
पंक म्हणतात याला, ती म्हणाली, बंड होतं ते.

माझ्या आईच्या बांगडीत कायम सहा पिना लटकायच्या.
पदराला, तुटल्या हुकाला, माझ्या दप्तराला,
बोटात रुतलेलं कुसळ काढायला,
आणि एक सगळ्यांत मोठी, उघडूनच धरलेली,
गारगोटीच्या एसटीत मागं चिकटून उभा राहणाऱ्यासाठी.
तिचा फोटो
रेशनकार्डावरसुद्धा नाही.

पुढचा फोटो पुरुषाचा.
उंच टाचेचे चंदेरी बूट, पापण्यांवर चमकी, रंगवलेले ओठ.
मावशी, याला बघून तिकडच्या बायका नटायला शिकल्या.
हे मात्र मला लगेच पटलं.
आमच्या गल्लीत मंगळवारी डोईवर जग घेऊन
परसू जोगत्या यायचा,
हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा.
त्याच्यासारख्या निऱ्या गल्लीत एकीलाही येत नव्हत्या.
जोगवा वाढता वाढता
सगळ्या त्याच्या कमरेकडं बघून घ्यायच्या.

सत्त्याहत्तरला मी चौदाची.
सुभाषनगरात बाप दगडावर कातडं कुटायचा.
गड्यांचं पायताण असलं की दोन तळांच्या मध्ये
विंचवाचं बी घालायचा चिमूटभर.
मग पाऊल टाकलं की करकर, करकर,
माणूस दिसायच्या आधी त्याचा रुबाब चौकात पोचायचा.
बायकांच्या पायताणात बी नाही.
विचारलं, तर टाका न थांबवता म्हणाला,
बाईमाणसाचं येणं वाजू नये.

मी डब्यातलं मूठभर चोरलं.
चार रात्री बसून माझं पायताण उसवलं, भरलं, शिवलं,
आणि दिवाळीच्या आदल्या सांजेला
बिंदू चौकातनं महाद्वार रोडला चालत गेले.

करकर. करकर.
पानपट्टीवरचे गडी न बघताच अदबीनं बाजूला झाले.
मग वळले.
तोंडातला रंग गिळायचं विसरले एकेक.
बांगडीवाली अम्मीजान कोतवाल तेवढी उठून उभी राहिली
आणि म्हणाली, चल, चल, थांबू नको.

बापानं मारलं नाही.
रात्री कंदिलाशी बसून रापीनं तळ उघडला,
बिया एकेक करून दगडावर काढल्या, डब्यात टाकल्या,
तळ परत शिवला. माझ्यापेक्षा सुबक.
सकाळी घालून बघितलं.
डावं गप्प.
उजवं, चौथ्या-पाचव्या पावलाला, हळूच
कर्र.
एक बी राहिलं होतं.
विसरला की ठेवलं, हे विचारायचं राहून गेलं,
आणि आता विचारायला तो नाही.

हे रेग्झिन आहे गं, मी मृण्मयीला म्हटलं,
फसवलंय तुला. खिळा धरणार नाही,
दोन पावसात पापुद्रे निघतील.
आतनं म्हशीच्या कातड्याची पट्टी लावून देते,
जड होईल, पण खांदा ताठ राहील.
तिनं पैसे विचारले. मी सांगितले. तिनं घासाघीस केली नाही,
त्याचा थोडा रागच आला.

जाताना बघितलं,
पायात कॅनव्हासचे बूट, मांजरासारखे.
एवढे खिळे, एवढा जांभळा रंग,
आणि दारातनं गेली ती कळलीसुद्धा नाही.

हाक मारली. ए पोरी, इकडं ये.
या कागदावर पाय ठेव. उजवा आधी.
पेन्सिल फिरताना गुदगुल्या होऊन ती हसली.

डबा माळ्यावर आहे. चढायला कुणीतरी हवं.
बी अजून वाजतं का,
बघायला पाहिजे.